एपिलेप्सीबद्दल आपल्या आजूबाजूच्या लोकांना कसं सांगायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

ज्यांच्या घरात नुकतंच एपिलेप्सीचं, म्हणजे अपस्माराचं किंवा वारंवार फिट येण्याच्या आजाराचं, निदान झालंय, किंवा ज्यांना आपल्या शाळेत, ऑफिसात, सोसायटीत याबद्दल लोकांना चार गोष्टी नीट सांगायच्यात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून हा आजार आहे, त्यामुळे आधी त्याच्या वर्गात, मग कॉलेजात आणि नंतर त्याच्या ऑफिसात लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि आता ओळखीतून कुणी बोलावलं की इतर ठिकाणीही जाते. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, डोस किती, ते कधी बंद करायचं हे सगळं तुमच्या न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना विचारा, मी फक्त लोकांपर्यंत ही माहिती पोचवायची कशी तेवढंच सांगणार आहे.

जनजागृती म्हटलं की आपल्याला आधी पोस्टर, रॅली, स्टेज आणि भाषण सुचतं. माझं स्पष्ट मत असं आहे की ज्या दहा-वीस माणसांच्या समोर फिट येण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे, म्हणजे वर्गशिक्षिका, बाकावरचा मित्र, शेजारच्या टेबलावरची सहकारी, वॉचमन, बसचा ड्रायव्हर, त्यांना ती पाच मिनिटं सांभाळता आली पाहिजेत. पोस्टर नंतर.

आधी हे जमवून ठेवा

- न्यूरोलॉजिस्टचं सध्याचं प्रिस्क्रिप्शन, औषधांची नावं आणि वेळा
- फिट्सची डायरी, साधी वहीसुद्धा चालते, त्यात तारीख, वेळ, किती मिनिटं, काय झालं, त्याआधी झोप कमी झाली होती का, गोळी चुकली होती का, ताप होता का
- जमलं असेल तर फिटचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ, पण हा फक्त डॉक्टरांना दाखवायला, लोकांना दाखवायला नाही
- डॉक्टरांच्या सहीचं एका पानाचं सूचनापत्र, याबद्दल पायरी ३ मध्ये सांगते
- प्रात्यक्षिकासाठी एक चटई किंवा सतरंजी, एक जॅकेट किंवा टॉवेल, आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ किंवा मोबाईलचा स्टॉपवॉच

पायरी १: आधी आपण स्वतः नीट समजून घ्या

लोकांसमोर उभं राहिलात की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, "पण हे नेमकं होतं कशामुळे?" तिथे आपण अडखळलो तर पुढचं कुणी ऐकत नाही. म्हणून एवढं पक्कं ठेवा. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विद्युत संदेशांनी बोलतात, त्यातल्या बऱ्याच पेशी अचानक एकदम, बेतालपणे संदेश सोडायला लागल्या की फिट येते. हे मेंदूच्या एका भागात होऊ शकतं किंवा दोन्ही बाजूंना एकदम होऊ शकतं, आणि कुठल्या भागात होतंय त्यावर फिट कशी दिसणार ते ठरतं.

एकदा फिट आली म्हणजे एपिलेप्सी झाली असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या जवळपास १० टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी फिट येते, लहान मुलांना तापात येते, कुणाला साखर खूप खाली गेल्यावर येते. तसं काही तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतराने दोन फिट्स आल्या, किंवा एकच आली पण तपासण्यांवरून पुढे पुन्हा येण्याची शक्यता बरीच दिसतेय, तर डॉक्टर एपिलेप्सी म्हणतात.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. जन्माच्या वेळी बाळाला ऑक्सिजन कमी पडणं, डोक्याला मार, मेंदूतला संसर्ग, स्ट्रोक, गाठ, जनुकातले बदल अशी बरीच कारणं असतात, आणि साधारण निम्म्या लोकांमध्ये कारण सापडतच नाही. हे शेवटचं वाक्य लोकांना जरूर सांगा, कारण कारण सापडलं नाही की माणसं आईला दोष देतात, नाहीतर शाप नि बाधा शोधत बसतात. २४०० वर्षांपूर्वी, ग्रीसमध्ये हिपोक्रेट्सच्या परंपरेतल्या वैद्यांनी लिहून ठेवलंय की हा आजार कुणा देवाकडून येत नाही, मेंदूतून येतो. पुढे हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली विद्युत हालचाल पहिल्यांदा कागदावर उतरवली, तोच आजचा ईईजी. मी ईईजीची एक पट्टी बरोबर नेते, भावाच्या परवानगीने आणि नाव झाकून, आणि ती हातात घेऊन बघितली की शाळेतल्या मुलांना सुद्धा पटतं की हे डोक्याच्या आत घडतंय.

इथे चुकतं: ईईजी नॉर्मल आला म्हणजे काही नाही, असं सांगू नका. दोन फिट्सच्या मधल्या काळात ईईजी नॉर्मल येऊ शकतो. निदान मुख्यतः काय घडलं याच्या वर्णनावरून होतं, म्हणून तर डायरी आणि व्हिडिओ इतके महत्त्वाचे.

पायरी २: ज्याचा आजार आहे त्याला विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि मला त्याचा खरंच राग येतो. आई-वडील उत्साहाने सगळ्या वर्गाला सांगून मोकळे होतात आणि त्या मुलीला दुसऱ्या दिवशी कळतं की आता सगळ्यांना माहितीये. तिला विचारा, कुणाला सांगायचं, किती सांगायचं, तू स्वतः बोलणार की मी बोलू, तुझं नाव घेऊ की न घेता सांगू. लहान मूल असलं तरी त्याला समजेल एवढ्या भाषेत विचारा. नाव न घेता सुद्धा पूर्ण वर्गाला फिटचं प्रथमोपचार शिकवता येतं, जसं आग लागली तर काय करायचं ते शिकवतात तसंच.

मोठी माणसं नोकरीच्या ठिकाणी सांगायला घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही, सांगितल्यावर कामं काढून घेतलेली मी बघितलीयेत. म्हणून सगळ्या ऑफिसला ईमेल करायची गरज नाही, शेजारी बसणाऱ्या दोघांना आणि एका वरिष्ठांना सांगा, बाकी त्या माणसाच्या मर्जीवर.

पायरी ३: एका पानाचं सूचनापत्र बनवा

एकच पान, मोठी अक्षरं. त्यात हे हवं: नाव, फिट साधारण कशी दिसते, नेहमी किती वेळ चालते, संपल्यावर किती वेळ गोंधळलेपण किंवा झोप राहते, त्या वेळात काय करायचं आणि काय नाही, ॲम्ब्युलन्स कधी बोलवायची, घरचे दोन फोन नंबर, डॉक्टरांचं नाव, चालू औषधं, कशाची ॲलर्जी. डॉक्टरांनी तातडीचं औषध दिलं असेल, जसं नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे, तर ते कुठे ठेवलंय, किती मिनिटांनी द्यायचं आणि कोण देणार, हे डॉक्टरांच्याच शब्दांत आणि त्यांच्या सहीने लिहून घ्या.

एक प्रत शाळेत किंवा ऑफिसात, एक बॅगेत, एक फोटो मोबाईलमध्ये. डोस बदलला की पान बदला, जुनं फाडून टाका. जुनी पानं तशीच फाईलमध्ये पडून राहतात आणि ऐनवेळी तीच बाहेर येतात.

पायरी ४: बोलायला सुरुवात घड्याळाने करा

मी आकडेवारीने कधीच सुरू करत नाही. स्टॉपवॉच लावते आणि सगळ्यांना सांगते, आता दोन मिनिटं काहीही न करता नुसतं बसा. चाळीस सेकंदांनीच लोक चुळबुळ करायला लागतात, मोबाईलला हात जातो. मग सांगते की बऱ्याचशा मोठ्या फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, पण समोर कुणी थरथरतंय आणि तोंडाला फेस आलाय तेव्हा हीच दोन मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, आणि म्हणूनच लोक घाबरून काहीबाही करतात. कुणी चमचा आणतं, कुणी पाणी मारतं, कुणी नाकाशी वास धरतं. फिट त्यानंतर थांबते, कारण ती थांबणारच होती, आणि सगळ्यांना वाटतं वासामुळे थांबली. एवढं समजलं की पुढचं शिकवणं निम्मं सोपं होतं.

पायरी ५: करून दाखवा, आणि लोकांकडूनही करून घ्या

नुसतं ऐकलेलं विसरतं, एकदा कुणाला कुशीवर वळवून बघितलं की हाताला लक्षात राहतं. चटई टाका, कुणीतरी तयार असेल तर त्याला झोपवा, आणि या क्रमाने दाखवा.

१. घड्याळ बघा. वेळ मोजणं हे पहिलं काम, कारण पुढचा निर्णय वेळेवर आहे.

२. आजूबाजूच्या टोकदार, गरम, काचेच्या वस्तू बाजूला करा. माणूस रस्त्यावर, पाण्याजवळ किंवा जिन्यावर असेल तरच हलवा, एरवी आहे तिथेच राहू द्या.

३. डोक्याखाली जॅकेट किंवा टॉवेल द्या, चष्मा काढा, गळ्याभोवतीचं टाय, स्कार्फ, वरचं बटण सैल करा.

४. शक्य होईल तितक्या लवकर एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल आणि श्वासनलिका मोकळी राहील. झटके जोरात असतील तर ते ओसरेपर्यंत थांबा आणि मग लगेच वळवा. खालचा हात पुढे, वरचा गुडघा वाकवलेला, तोंड किंचित जमिनीकडे.

५. तिथेच थांबा. गर्दी मागे करा, मोबाईलवर शूटिंग करणाऱ्याला थांबवा. फिट ओसरली की हळू आवाजात सांगा, "तुला फिट आली होती, आता थांबली, मी इथेच आहे."

आता काय करायचं नाही. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, कापड नाही, बोट तर नाहीच. दातखिळी बसलेली असते, जबड्याला इतकी ताकद असते की घालणाऱ्याचं बोट आणि घालून घेणाऱ्याचे दात दोन्ही तुटू शकतात, आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जाईल ही भीती सगळीकडे ऐकू येते. माणूस जीभ गिळू शकत नाही. चावली जाऊ शकते, रक्त येतं, पण ती जखम भरून येते. हातपाय दाबून धरायचे नाहीत, त्याने फिट थांबत नाही, खांदा निखळू शकतो. आणि पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत पाणी, खाणं, गोळी काहीही द्यायचं नाही.

ओठ निळसर होणं, घशातून आवाज येणं, कपड्यात लघवी होणं, डोळे पांढरे होणं हे सगळं आधीच सांगून ठेवा, म्हणजे प्रत्यक्षात बघताना लोक हबकणार नाहीत. लघवी झाली असेल तर आधी काहीतरी पांघरूण घाला. माझा भाऊ सांगतो की त्याला फिटचं काही आठवत नाही, पण शुद्धीवर आल्यावर दिसलेली तोंडं आठवतात. म्हणून गर्दी मागे सारण्यावर मी इतका वेळ घालवते.

ॲम्ब्युलन्स कधी बोलवायची हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा:

- फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली
- शुद्ध न येता लगेच दुसरी आली
- आयुष्यातली पहिलीच फिट आहे किंवा तुम्हाला माणूस ओळखीचाच नाही
- पाण्यात असताना आली, किंवा डोक्याला वगैरे मोठा मार लागला
- बाई गरोदर आहे, किंवा माणसाला डायबेटिस आहे
- थांबल्यावरही श्वास नीट चालत नाहीये. इथे तर एक क्षण थांबू नका, श्वास चालतच नसेल आणि सीपीआर (छाती दाबून जीव वाचवायचा उपाय) येत असेल तर सुरू करा

नेहमीची फिट नेहमीच्या वेळात थांबली आणि माणूस हळूहळू शुद्धीवर आला तर दर वेळी हॉस्पिटल लागत नाही. हे शिक्षकांना मुद्दाम सांगा, नाहीतर मूल नुसतं झोपलेलं असतं आणि शाळा घाबरून त्याला दर वेळी घरी पाठवते, महिनाभरात निम्मा अभ्यास बुडतो.

पायरी ६: न दिसणाऱ्या फिट्सबद्दल बोला

लोकांच्या डोक्यात फिट म्हणजे खाली पडून झटके, एवढंच असतं. पण बऱ्याच फिट्समध्ये माणूस पडतच नाही. लहान मूल बोलता बोलता मध्येच काही सेकंद थांबतं, नजर एका जागी, पापण्या किंचित फडफडतात, आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे बोलायला लागतं. याला ॲबसेन्स फिट म्हणतात, दिवसातून अनेकदा येऊ शकतात, आणि शिक्षकांना वाटतं मूल दिवास्वप्न बघतंय. शिक्षकांना एक साधी खूण द्या: दिवास्वप्नातलं मूल हाक मारल्यावर किंवा हात लावल्यावर भानावर येतं, ॲबसेन्समध्ये येत नाही. शंका आली तर ओरडू नका, वहीत वेळ लिहा आणि पालकांना सांगा. एवढ्यावरून निदान लवकर झालेली मुलं मला माहितीयेत.

दुसऱ्या प्रकारात माणूस जागा दिसतो पण हरवलेला असतो, ओठ चावल्यासारखे हलतात, कपड्यांशी चाळा चालू असतो, उठून चालायलाही लागतो, प्रश्न विचारला तर उत्तर नाही. याला नशा केलीये समजून लोक धक्काबुक्की करतात. अडवायचं नाही, पकडायचं नाही, नुसतं बरोबर चालायचं, रस्ता, जिना, आग यापासून हळूच दुसरीकडे वळवायचं आणि भानावर येईपर्यंत सोबत राहायचं.

पायरी ७: प्रश्नांची तयारी ठेवा

हे प्रश्न हमखास येतात, शेवटी दहा मिनिटं राखून ठेवा.

संसर्ग होतो का? नाही. बरोबर जेवल्याने, लाळ लागल्याने, काहीच होत नाही.

बुद्धी कमी असते का? एपिलेप्सी असणाऱ्या बहुतेकांची बुद्धी इतरांसारखीच असते. काहींना मेंदूच्या दुसऱ्या त्रासामुळे किंवा औषधाच्या सुस्तीमुळे अभ्यासात अडचण येते, तेव्हा डॉक्टरांना सांगून औषध बदलता येतं का ते बघायचं. मुलांना मी जाँटी ऱ्होड्सचं उदाहरण देते, १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये हवेत झेप घेऊन इंझमामला रनआउट करणारा हाच, आणि त्याला एपिलेप्सी आहे.

बरं होतं का? नीट निदान आणि औषधं मिळाली तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. उरलेल्यांना एकाहून जास्त औषधं, विशिष्ट आहार, ऑपरेशन असे पर्याय असतात. "सगळे बरे होतात" असं सांगून टाळ्या घेऊ नका, समोर अशी एखादी आई बसलेली असते जिच्या मुलीला तीन औषधांवरही फिट येतात.

औषध कधी बंद करायचं? मनाने कधीच नाही. अचानक बंद केलं तर फिट एकामागून एक येऊ शकतात आणि जीव धोक्यात येतो. दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर हळूहळू कमी करण्याचा विचार करू शकतात, तोही प्रत्येकाचं बघून.

लग्न, मुलंबाळं? दोन्ही होतं, आणि बहुतेकांची मुलं निरोगी असतात. फक्त गरोदरपणाचं ठरवायच्या आधीच न्यूरोलॉजिस्टला भेटायचं, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात, ती वेळेत बदलता येतात. गरोदर असल्याचं कळल्यावर घाबरून गोळ्या सोडणं हे मात्र फार धोक्याचं.

मोबाईल, टीव्हीने येते का? लखलखणाऱ्या प्रकाशाने फिट येणारे लोक एपिलेप्सी असणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्के असतात. बाकीच्यांना जास्त त्रास देतात त्या म्हणजे चुकलेली गोळी, अपुरी झोप, दारू, ताप.

गाडी चालवता येते का, पोहता येतं का? गाडीचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, आपल्याकडचा नियम आणि आपले डॉक्टर दोघांना विचारा. पोहायला हरकत नाही, पण शेजारी लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं ज्याला सगळं माहितीये.

पायरी ८: मोठा कार्यक्रम करायचा असेल तर

छोट्या गटात हात बसला की मग मोठं करा. दोन तारखा सोयीच्या आहेत: फेब्रुवारीचा दुसरा सोमवार हा आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी दिवस, आणि २६ मार्च हा पर्पल डे, जो कॅनडातल्या कॅसिडी मेगन या लहान मुलीने २००८ मध्ये सुरू केला. तिला स्वतःला एपिलेप्सी आहे. जांभळे कपडे घालून फोटो काढायला माझी ना नाही, पण त्या दिवशी निदान एका वर्गाला कुशीवर वळवायला शिकवा.

डॉक्टर बोलावणार असाल तर त्यांना वीस मिनिटं द्या, आणि त्यांच्या आधी किंवा नंतर आजार असलेल्या एखाद्या माणसाला, तो तयार असेल तरच, स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. फिटचे खरे व्हिडिओ पडद्यावर दाखवू नका. फुलं, सत्कार, बिचारा-बिचारी असली भाषा नको.

प्रतिबंधाबद्दलही दोन मिनिटं काढा, ते सहसा राहून जातं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की एपिलेप्सीच्या २५ टक्क्यांपर्यंत केसेस टाळता येण्यासारख्या असतात. हेल्मेट, सुरक्षित बाळंतपण, ब्लड प्रेशर आटोक्यात ठेवणं, आणि डुकराच्या मांसातल्या टेपवर्मची अंडी पोटात जाऊ नयेत म्हणून स्वच्छ पाणी, धुतलेली भाजी नि धुतलेले हात. हा संसर्ग मेंदूत गेला की फिट्स येतात, आणि अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून जातात, त्यामुळे मांस न खाणाऱ्यांनाही होतो.

पायरी ९: कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नका

सगळे गेल्यावर कुणीतरी मागे रेंगाळतं. जवळ येऊन हळूच विचारतं, माझ्या मुलाला असं होतं, हे तेच असेल का. किंवा मला पण आहे, पण सासरी माहीत नाही. यासाठी अर्धा तास मोकळा ठेवाच.

अशा वेळी निदान करू नका, "हो हो, हे तेच" असं तर अजिबात नाही. बेशुद्ध पडण्याची कारणं बरीच असतात, हृदयाचीही असतात. नीट ऐकून घ्या, मग सांगा: पुढच्या वेळी बरोबर असलेल्या माणसाला व्हिडिओ काढायला सांगा, आजपासून वहीत तारीख नि वेळ लिहा, ज्याने प्रत्यक्ष बघितलंय त्याला सोबत घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, तोवर गाडी चालवणं, उंचावर चढणं, एकट्याने पोहणं बंद ठेवा. गोळ्या चालू असतील आणि त्यांनी चिडचिड किंवा उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला लावा. काही औषधांनी मूड बदलतो, आणि ते न सांगताच माणसं गोळ्या सोडून देतात. सूचनापत्राचे काही कोरे नमुने पिशवीत ठेवा आणि जाताना त्यांच्या हातात एक द्या.